मागणे आणि याचना

कीर्तन संपून मंडळी पांगली की कोणी तरी जवळ येऊन दबक्या आवाजात विचारायचे, "बुवा, गळ्यात माळ आहे. मालकाकडे पगार वाढवून मागितला तर चालेल का?"

विचारणाऱ्याला वाटते, समाधान हे वारकऱ्याचे लेणे. मागायला तोंड उघडले की ते उतरले. मीही पूर्वी तसेच समजत होतो. त्याची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली.

आमच्या दिंडीत एक टाळकरी होते. अडत दुकानात हिशेब लिहीत, वेळ पडली तर पोतीही उचलत. बारा वर्षांत काम दुप्पट झाले, पगार जवळजवळ तेवढाच. मालकही माळकरी, दरवर्षी दिंडीला पंगत घालणारे. म्हणून यांची जीभ जास्तच अडायची. त्यांनी मला विचारले, तेव्हा मी म्हणालो, "पांडुरंगाला सगळी काळजी आहे, आपण मागू नये." मान हलवून ते गेले. चार वर्षांनी दिंडीच्या कामासाठी त्या दुकानात गेलो, तर त्यांचा मुलगा पोती वाहत होता. नववीतून शाळा सुटली होती. मालकांनी मला आग्रहाने जेवू घातले, आणि मी जेवलो.

माझी बिदागी मी कधी ठरवून घेतली नाही, हे खरे. पाकीट हलके लागले की मनाला कळायचे, हेही खरे.

तुकोबारायांच्या चरित्रातला एक प्रसंग मी कीर्तनात कितीदा तरी सांगितला होता, पण समजला तो त्या रात्री. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाने घर मोडले. पुढे महाराजांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवायची ठरवले. पण त्याआधी धाकट्या भावाचा, कान्होबांचा, निम्मा वाटा काढून त्यांच्या हाती दिला. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. आणि मी? दुसऱ्याच्या वाट्याची खते बुडवून वैराग्य सांगत होतो. गोरोबाकाकांनी मडकी घडवली, सावतोबांनी मळा पिकवला. घामाचे मोल घेतले म्हणून त्यांची भक्ती उणी झाली, असे कोणी म्हणेल का?

दुसऱ्याच दिवशी टाळकऱ्यांच्या घरी जाऊन सांगितले, "माझे चुकले. जा आणि मागा." कसे मागावे, तेही बोललो. दुकानात गर्दी नसताना, चारचौघांत नव्हे. घरची अडचण पुढे करू नका. ती सांगून मिळते ती मदत, आणि काम सांगून मिळतो तो मोबदला. दुसरीकडून बोलावणे आले आहे अशी थाप मारू नका, माळ आहे गळ्यात. नाही म्हणाले तर रागावू नका, पण दुसरे काम शोधायला लाजूही नका.

ते गेले. मालक म्हणाले, "इतकी वर्षे बोलला का नाहीत?" हिशेबाची वही रोज त्यांच्याच पुढे उघडी असायची, तरी हे विचारले! पण पगार वाढवला. धाकटीची शाळा त्यावर पुरी झाली.

मुलगा मात्र शाळेत परत गेला नाही. आता तो चाळिशी ओलांडून गेला आहे. वारीत भेटलो की आम्ही एकमेकांच्या पाया पडतो. उठताना तो मला हात देतो, तेव्हा त्याच्या तळहाताचे घट्टे माझ्या हाताला लागतात.