देवाकडेही मागतो

गुहागरजवळच्या एका वाडीतली आजी जुलैत लेकाकडे दुबईला गेली. व्हिसा साठ दिवसांचा होता. करामा भागातल्या जुन्या इमारतीत दोन खोल्यांचं घर, आजूबाजूला केरळ, गुजरात, पाकिस्तान, फिलिपिन्स अशा सगळीकडची माणसं. कोकणाला हा मुलूख तसा परका नाही. 1966 पर्यंत दुबईत आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपयाच चालत असे.

लेकाने आईला फुलासारखं जपलं. 828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा दाखवला, जेबेल अलीच्या देवळात नेलं, एक दिरहम देऊन खाडीतल्या अब्रा होडीतून फिरवलं. घरी मात्र ती उठली की लेक म्हणे, "आई, तू बस." भांड्याला हात लावला की सून म्हणे, "राहू द्या आई, बाई येईल ना." नातवाच्या हातात टॅब होता, त्यालाही आजीकडून काही नको होतं.

आजी खिडकीशी बसू लागली. समोर इमारतीचं काम चाललं होतं. 15 जून ते 15 सप्टेंबर तिथे दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवावं लागतं. तेवढा वेळ मजूर सावलीत पथारी टाकून गाढ झोपत. आजीला वाटे, सकाळपासून राबलेत, म्हणून त्यांना विसावा गोड लागतोय. तिला स्वतःला रात्रीही झोप येत नव्हती. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरने तपासण्या केल्या, दोष काहीच निघाला नाही.

एका सकाळी शेजारची मल्याळी अम्मा दारात आली. तिच्याकडे पाहुणे यायचे होते आणि गुडघा धरला होता. मोडक्या हिंदीत तिने विचारलं, "चार नारळ खवून द्याल का?" तिच्या स्वयंपाकघरात लाकडी पाटाला लोखंडी जीभ असलेली बैठी खवणी होती. आजी पदर खोचून बसली. चार नारळ झाले, मग अम्माने मासळी पुढे ठेवली, तीही साफ झाली. दुपारी दोघी पोटभर जेवल्या.

संध्याकाळी लेक शोधत आला. आईचे हात पाहून त्याला वाईट वाटलं. "आई, आम्ही घरी तुला काडी उचलू देत नाही, आणि तू इथे येऊन राबतेस?"

अम्मा म्हणाली, "तू आईला देवासारखं ठेवलंस बेटा, दिसतं मला. पण देवाकडेही आपण रोज काहीतरी मागतो. तुझ्या घरात हिच्याकडे कोणी काही मागतच नाही."

लेक गप्प राहिला. असे पुष्कळ लेक आहेत. आईने जन्मभर कष्ट उपसले, आता तिला सुख द्यायचं, हा त्यांचा हेतू सोन्यासारखा असतो. पण रिकामं बसवून ठेवणं हे सुख नव्हे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

रात्री त्याने भीतभीत विचारलं, "आई, उद्या कुळथाचं पिठलं करशील?"

"कुळीथ पीठ आहे का घरात?" आजीने विचारलं. नव्हतं. लेक तसाच खाली ग्रोसरीत गेला.

ऑगस्टअखेर शाळा उघडली तेव्हा नातवाला खाली बसपर्यंत सोडायचं काम आजीकडे आलं. लिफ्टची बटणं त्यानेच तिला शिकवली. सुनेने स्वतःहून म्हटलं, "आई, गणपतीपर्यंत थांबा. मला मोदकाच्या कळ्या पाडता येत नाहीत." व्हिसा महिनाभर वाढवून घेतला.

चतुर्थीच्या सकाळी सुनेचे पहिले सहा मोदक फुटले. आजीने ते बाजूला काढले, पारी कुठे जाड राहिली ते बोट लावून दाखवलं, आणि तिला पुन्हा उकड काढायला लावली. लेकाला हाक मारून नारळ खवायला बसवलं.