कोळवंभर संसार

माझ्याकडे सध्या रोज अर्धी वाटी तांदूळ शिजतो. दुपारी निम्मा भात संपतो, उरलेल्याला रात्री फोडणी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आम्ही अकरा माणसं होतो आणि सासूबाई एका वेळेला शेरभर तांदूळ काढत. किलो-ग्रॅमचा कायदा १९५६ साली झाला आणि बाजारातून शेर-मापटी पुढच्या काही वर्षांत गेलीही, पण आमच्या कोठीत ती तशीच नांदत राहिली. दीर वेगळे झाले, नणंदा सासरी गेल्या आणि शेराचं मापटं झालं. मुलं शिकायला बाहेर पडली, ती परत राहायला आली नाहीत, तेव्हा मापट्याचं चिपटं झालं. चार वर्षांपूर्वी हे गेले. आता कोळवं.

शाळेत पाठ केलेलं कोष्टक मला अजून येतं. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. लहानपणी आम्ही ते खालून वर म्हणत असू, वाढत्या मापाने. कोणत्याही मास्तरांनी ते वरून खाली म्हणून घेतलं नाही. आयुष्य मात्र चाळिशीनंतर ते वरून खालीच म्हणून घेतं, आणि शेरापासून खाली दर पायरीला निम्मं होतं.

या कोष्टकातलं सगळ्यात लहान माप, निळवं, माझ्या भातुकलीत होतं. वाईला आमच्या घरी आजीच्या कोठीत मापांचा पितळी संच होता. त्यातलं निळवं कुणी वापरत नसे, म्हणून आजीनं ते मला दिलं. भातुकलीत ते पिण्याच्या पाण्याचं पिंप झालं. बाकीची भांडी आजीनं पंढरपूरच्या वारीहून येताना एकेक करून आणलेली. पातेली, परात, कढई, तवा, झारा, तांब्या-भांडं, घंगाळ, सोऱ्या. जातं आणि पाटा-वरवंटा दगडाचे, पोळपाट-लाटणं लाकडाचं, खलबत्ता पितळेचा. यातलं जातं खरोखर फिरायचं. पांढऱ्या खड्याचा चुरा त्यात घातला की पीठ पडायचं. सोऱ्याला चकत्यासुद्धा होत्या, शेवेची आणि चकलीची. भिजवलेले पोहे आणि गूळ हा आमचा रोजचा स्वयंपाक. दिवाळीत मात्र चिवड्याचा वानवळा मिळे आणि मग आमच्या चुलीवर पंगती उठत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो कल्हईवाला. वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या आधी, तो आमच्या आळीतल्या वडाखाली भट्टी मांडायचा. जमिनीत खळगा, त्यात कोळसे, शेजारी चामड्याचा भाता. घराघरांतून पातेली, ओगराळी, पराती येऊन पडत. भांडं तो आधी घासून घेई, मग विस्तवावर धरून फिरवत राही. पुरेसं तापलं की नवसागराची पूड टाकायचा. पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठायचा. पितळेवर चढलेला मळकट थर नवसागर खाऊन टाकतो, त्याशिवाय कथील धरत नाही, हे मला पुढे रसायनशास्त्रात कळलं. तेव्हा ती जादूच होती. कथलाची कांडी तो भांड्याला नुसती टेकवायचा, कापसाच्या बोळ्यानं एक हात फिरवायचा, आणि पिवळं पातेलं आतून चांदीचं होऊन जायचं. मग पाण्यात. चर्र.

सगळी भांडी झाली की तो माझ्याकडे वळून म्हणायचा, ‘‘भट्टीत ऊब आहे तोवर आण पोरी तुझा संसार.’’ आणि माझी पातेली, माझी कढई सांडशीत धरून तितक्याच मन लावून कल्हई करायचा. हे तो गंमत म्हणून करत नव्हता. मी एकदा पातेल्यात चिंचेचं पाणी करून रात्रभर ठेवलं होतं आणि ते कळकलं होतं. त्यानं ते हुंगलं आणि मला सांगितलं, कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवू नये, माणूस आजारी पडतं. माझ्या चार बोटांच्या पातेल्यातून कुणीतरी खरंच जेवणार आहे, असं धरून बोलणारा तो माझ्या आयुष्यातला पहिला मोठा माणूस.

त्याची आठवण काढली की माझी मुलं एकमेकांकडे बघतात. आई हल्ली सारखी मागचंच बोलते, ही त्यांची काळजी खरी आहे, मायेची आहे. पण काळजीचं कारण आहे असं मला वाटत नाही. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६३ साली एक निबंध लिहिला. म्हातारी माणसं मागचं बोलतात हे बुद्धी ओसरल्याचं लक्षण, असं तोवर डॉक्टरही सर्रास मानत. बटलरनं सांगितलं की शेवट जवळ आल्याची जाणीव झालेलं मन आपल्या आयुष्याची फेरतपासणी करतं, आणि हे स्वाभाविक आहे, गरजेचं आहे. त्यात जुनी भांडणं वर येतात, अपराध वर येतात, त्यांचा निवाडा करून घ्यायचा असतो. मी सत्तरी ओलांडली आहे आणि मला त्याचं म्हणणं तंतोतंत पटतं.

मराठीत या वृत्तीला आपण स्मरणरंजन म्हणतो. या शब्दाशी माझं जमत नाही. मूळचा ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ साली बाझलला आपल्या प्रबंधात घडवला. परमुलखात असलेली स्विस माणसं गावाच्या ओढीनं झुरत, खंगत, त्या दुखण्याला त्यानं हे नाव दिलं. घरी परतणं आणि वेदना, असे दोन ग्रीक शब्द त्यानं जोडले. आपण भाषांतर करताना वेदना काढली आणि रंजन घातलं. त्यामुळे जुन्या खेळण्यांवरचं लिखाण आपल्याकडे बहुतेक वेळा गोड होतं, साखर घातलेल्या दुधासारखं. हुरहूर हा शब्द मला जास्त जवळचा. हुरहुरीत काहीतरी चुकतंय, राहून गेलंय, हे आहे.

माझं राहून गेलेलं सांगते.

आमच्या घरामागे टांगेवाल्यांची घरं होती. त्यातल्या एकाची मुलगी माझ्याच वयाची, रोज खेळायला यायची. तिची भातुकली म्हणजे तीन करवंट्या, दोन खापऱ्या आणि एक फुटकी पणती. स्वयंपाकात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, कारण घरी ती खरी चूल पेटवत होती. पण भांडी माझी, म्हणून घरधनीण कायम मी. ती पाहुणी, नाहीतर भांडी घासणारी बाई. एकदा तिनं विचारलं होतं, ‘‘आज मी होऊ का?’’ मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि खेळायला मात्र येत राहिली. पाचवीनंतर तिचं कुटुंब गाव सोडून गेलं.

‘मृच्छकटिक’ पाहिलं तेव्हा मी कॉलेजात होते. देवलांनी शूद्रकाचं हे नाटक मराठीत आणलं, पण आपल्याकडे त्याची चर्चा होते ती चारुदत्त आणि वसंतसेनेची. मी त्या रात्री रोहसेनापाशी अडकून पडले. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळलेला असतो. ती परत नेतात, दासी त्याला मातीची गाडी करून देते, आणि ती त्याला नको असते. वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या गाडीत भरते, सोन्याची गाडी करून घे म्हणते. तेच दागिने पुढे न्यायसभेत चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. इतकी राजकारणं, इतकी माणसं नाटकात, आणि शूद्रकानं नाव दिलं ते त्या मातीच्या खेळण्याचं. मुलाचं रडणं त्याला लहान वाटलं नाही. मी प्रेक्षागृहात बसून तीन करवंट्या आठवत होते.

भातुकलीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मला मान्य आहे. भावाला भोवरा मिळाला, तो घेऊन तो नदीच्या घाटापर्यंत गेला. मला चूल मिळाली आणि मी ओसरीच्या कोपऱ्यात बसले. खेळाच्या नावाखाली मुलींना चुलीला जुंपायची ती शिकवणी होती, यात शंका नाही. माझ्या मुलीला मी भातुकली दिली नाही, आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. पण शिकवणीत जे शिकवलं त्याहून वेगळं काहीतरी माझ्या हाताला लागलं, ते नाकारणंही खोटं ठरेल. पुढचा मोठा संसार मी केला, पण त्यात माझ्या मताला किंमत यायला वीस वर्षं लागली. तिथे, त्या कोपऱ्यात, निळव्याच्या पिंपापाशी, काय शिजवायचं, कुणाला बोलवायचं, खेळ कधी मोडायचा हे मी ठरवत होते. आणि तेवढ्या आकाराच्या जगात मी पूर्ण मावत होते.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं १९५३ साली मुलांच्या आवडत्या गोधड्या-बाहुल्यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. अशा वस्तूंचं पुढे काय होतं, तर त्या विसरल्या जात नाहीत आणि त्यांचा शोकही होत नाही, त्यांच्यातला अर्थ तेवढा हळूहळू ओसरतो, असं त्याचं निरीक्षण. तो बोलत होता ते तान्ह्या मुलांच्या उशाशी असलेल्या वस्तूंबद्दल, माझ्या पितळी पातेल्याबद्दल नव्हे. तरीही मला त्याला विचारावंसं वाटतं, की ओसरलेला अर्थ साठ-पासष्ट वर्षांनी परत भरून येतो त्याचं काय?

तो परत यायला सुरुवात झाली आईच्या आजारपणात. शेवटच्या वर्षात तिला गोळी गिळवेना. माझ्याकडचा खलबत्ता जड, त्यात अर्धी गोळी तळाशी चिकटून बसायची, हाती काही यायचं नाही. भाऊ म्हणाला, तुझा तो लहान बघ ना. भातुकलीतला खलबत्ता काढला, घासला. त्यात गोळी नेमकी मावली. दिवसातून तीनदा मी ती कुटून मधात कालवून आईला चाटवत असे. आई बत्त्याचा आवाज ओळखायची. ‘‘काय केलंस आज?’’ असं विचारायची, खेळताना विचारायची तसं. मी म्हणायचे, लाडू. ती तोंड उघडायची.

आता माझ्या बोटांची पेरं सुजतात. पाच लिटरचा कुकर उचलताना मनगटातून कळ येते, म्हणून तो कामाच्या मावशींना देऊन टाकला. मोठी कढई, पुरणयंत्र, बारा ताटांचा संच, सगळं भाच्यांकडे गेलं. प्रत्येक भांडं देताना पोटात कालवलं. लोक धीर देतात, पसारा कमी झाला की मोकळं वाटतं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, माझी ताकद मापाबरोबर उतरते आहे. लहान होते तेव्हा मोठी भांडी उचलत नव्हती म्हणून मला लहान दिली होती. आताही उचलत नाहीत. फरक इतकाच, की तेव्हा पुढे वाढायचं होतं. हा फरक लहान नाही आणि मी तो लहान करून सांगणार नाही. पण अर्ध्या वाटीच्या आकाराचं जगणं मला नवीन नाही, त्यात कसं राहायचं हे माझ्या हातांना एकदा माहीत होतं, ही गोष्टही तितकीच खरी.

वाईचं घर गेल्या वर्षी विकलं. भातुकलीतले नऊ नग माझ्या वाट्याला आले. त्यातलं एक पातेलं जरा मोठं आहे, पेलाभर पाणी मावेल इतकं. ते घेऊन मी कसबा पेठेत तांबट आळीत गेले. तिथे अजून तांब्या-पितळेवर ठोके पडतात. दुकानातल्या गृहस्थांनी पातेलं हातात फिरवून पाहिलं, शोभेसाठी पॉलिश करून देऊ का विचारलं. मी म्हटलं, कल्हई हवी, आत शिजवायचं आहे. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. भाता आता नाही, गॅसची ज्योत आहे. नवसागराचा धूर मात्र तोच, नाकात तसाच झोंबला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे, असं मी त्यांना सांगितलं.

परवा त्या पातेल्यात मुगाची खिचडी टाकली. लहान भांड्यापासून हलता येत नाही. दोन वेळा उतू गेली, एकदा खाली लागता लागता वाचली. पूर्ण वेळ ओट्यापाशी उभी राहिले. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्या एक्याऐंशीच्या, गुडघ्यांमुळे काठी टेकत येतात. ओट्यावरचं पातेलं, शेजारचं निळवं, इवला झारा त्यांनी पाहिला. मला वाटलं, आता समजावून सांगावं लागेल. त्यांनी काठी भिंतीला लावली, खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, ‘‘पाणी कुठून भरायचं?’’

मी निळव्याकडे बोट दाखवलं.

‘‘आणि मी कोण? पाहुणी?’’

‘‘नाही काकू,’’ मी म्हटलं आणि झारा त्यांच्या हातात दिला. ‘‘आज घरधनीण तुम्ही व्हा. मी बाहेर जाऊन दार वाजवते.’’