काटकसर आणि अनुदान

काटकसर हा गृहस्थाश्रमाचा जुना गुण. दिवेलागणीला एकच दिवा लावून घरच्या सर्वांनी त्या उजेडात बसावे, चुलीतील विस्तव राखेखाली जपून सकाळी त्यावरच चूल पेटवावी, ही आमच्या आधीच्या पिढ्यांची रीत होती आणि तिच्यासाठी कोणी बक्षीस मागितले नव्हते. गेल्या चाळीस वर्षांत मात्र घरातील इंधन व वीज वाचावी म्हणून सरकार साहाय्य देऊ लागले. त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. ज्या गुणाचे मोल सरकार चुकते करते, तो गुण म्हणून उरतो काय? आणि हे साहाय्य कोणत्या मापाने वाटले म्हणजे न्याय्य ठरेल?

येथे प्रथम एक भेद केला पाहिजे. कमीत भागवणे ही काटकसर. तेवढेच काम कमी इंधनात करून घेणे ही कार्यक्षमता. पहिलीला मन लागते, दुसरीला भांडवल. निपाणीत दाराशी बसून विड्या वळणाऱ्या बाईला काटकसर शिकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. परिस्थितीने ती तिला केव्हाच शिकवलेली असते. तिच्यापाशी नसतो तो चांगल्या चुलीसाठी, कमी वीज खाणाऱ्या पंख्यासाठी एकदम टाकावा लागणारा पैसा. तेव्हा अनुदान हे सद्गुणाचे मोल नव्हे. ती भांडवलाची उणीव भरून काढण्याची सोय आहे. एवढे मान्य केले की पहिल्या प्रश्नाची धार बरीच कमी होते. दुसऱ्याची मात्र वाढते.

सुधारित चुलीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हे केंद्र उभे राहिले आणि त्यातून कर्नाटकाला धुराडे असलेली, कमी लाकडावर चालणारी ‘अस्त्र ओले’ मिळाली. केंद्र सरकारने १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम अनुदान देऊन चालवला आणि २००२ साली तो थांबवला. वाटलेल्या चुलींची संख्या कोट्यवधींत गेली. पण पुष्कळ घरांत धुराडे बुजले, चूल मोडली आणि तीन दगड परत आले. चूल बांधली की उद्दिष्ट पुरे होत असे. दोन पावसाळ्यांनंतर ती पेटते काय, याची विचारपूस क्वचितच झाली. अनुदानाने वस्तू घरात येते, तिच्याविषयीची आस्था येत नाही.

उलट उदाहरण एलईडी दिव्याचे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत सरकारने दिव्याच्या किमतीत अनुदान घातले नाही; प्रचंड संख्येने एकत्र खरेदी केली. २०१४ च्या आरंभी ३१० रुपयांच्या घरात असलेला खरेदीचा दर दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांखाली आला. साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले. साहाय्य म्हणजे केवळ हातावर ठेवलेली रक्कम नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

आता आमच्या सीमाभागाकडे येऊ. कर्नाटक सरकारने जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना लागू केली. तिचे माप असे: २०२२-२३ या वर्षातील सरासरी मासिक वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढी वीज मोफत, कमाल मर्यादा दोनशे युनिट. सरासरी १८० युनिट जाळणाऱ्या घराला १९८ युनिट मिळाले. चाळिसात भागवणाऱ्या घराला ४४. जानेवारी २०२४ मध्ये ४८ युनिटांच्या आतील ग्राहकांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट वाढवून देण्याचा निर्णय झाला. म्हणजे ४४ चे ५० झाले. शून्याचे बिल पाहून विडी कामगाराच्या घरी जो सुटकेचा श्वास टाकला जातो, तो खरा आहे आणि त्याला आम्ही कमी लेखत नाही. तथापि, ज्याने पूर्वी अधिक वापरले त्याला अधिक आणि ज्याने जपून वापरले त्याला कमी, हे माप न्यायाच्या तराजूत सरळ उभे राहत नाही. काटकसरीला बक्षीस नसावे हे समजू शकते. तिला दंड तरी नसावा.

दुसरी योजना केंद्राची. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छपरावरील सौर संचासाठी पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० आणि तीन किलोवॅट वा अधिक संचासाठी ७८,००० रुपये मिळतात. परंतु त्यासाठी स्वतःचे छप्पर लागते. बेळगावात भाड्याच्या खोलीत राहणारा, निपाणीतील वाटणी न झालेल्या वाड्याचा एक हिस्सेदार, यांच्या डोक्यावर छप्पर असूनही ते ‘त्यांचे’ नसते. शिवाय निपाणीहून कागलपर्यंत ऊन तेच आणि हे अनुदानही तेच. पण अलीकडे ज्याचे बिल आधीच शून्य आहे, त्याला सौर संचाची निकड वाटत नाही आणि पलीकडे बिल भरणाऱ्याला ती वाटते. दोन सरकारांच्या दोन सद्हेतूंनी एकमेकांना असे छेद द्यावेत, हे सीमेवर राहणाऱ्यांना लवकर दिसते. योजनेचा कागद ज्या भाषेत येतो, ती वाचता न येणारी म्हातारी मध्यस्थावर अवलंबून राहते, हेही त्यांनाच दिसते. समजेल अशा भाषेत सांगणे हाही साहाय्याचाच भाग होय.

मग माप कोणते असावे? आमच्या मते, गतकाळच्या वापराऐवजी आजची उणीव पाहावी. घरात माणसे किती, छप्पर कोणाचे, चूल कसली, हे पाहून द्यावे. आणि दिल्यानंतर दोन वर्षांनी परत येऊन विचारावे.

परंतु सारा भार सरकारवर टाकून आपण मोकळे होत नाही. बिल भरावे लागत होते तोवर दिवा मालवण्यात पुण्य किती आणि हिशेब किती, हे सांगणे कठीण होते. बिल शून्य झाले की हिशेब गळून पडतो. मर्यादेच्या आत वाचवलेला युनिट आपल्या खिशात काहीच घालत नाही. त्याचा पैसा सार्वजनिक तिजोरीत राहतो, त्याचा कोळसा रायचूरच्या औष्णिक केंद्रात न जळता उरतो. लाभ होतो तो आपल्याला कधीही न दिसणाऱ्या माणसाचा. म्हणून अनुदानाने काटकसर हा गुण संपतो, असे आम्हाला वाटत नाही. किंबहुना रिकाम्या खोलीतला दिवा फुकट जळत असताना जो उठून तो मालवतो, त्याची काटकसर आज प्रथमच निर्भेळ झाली आहे.