नित्य चिंतन : नकाशा आणि पुढचं वळण

॥ राम कृष्ण हरि ॥

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६१ ते ६६

मंडळी, आजचं चिंतन माझ्याच एका चुकीवरून.

मी औषधांचा टेम्पो चालवतो. दोन पावसाळ्यांपूर्वी पुण्याहून महाडला माल द्यायचा होता. त्यात इन्सुलिन होतं. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, म्हणून डब्यात बर्फाच्या पिशव्या. मोबाईलने भोरवरून वरंध घाटाचा रस्ता दाखवला. मी काही न बघता निघालो. घाटाच्या तोंडाशी अडथळे लावलेले, दरडीमुळे रस्ता बंद. मोबाईलला रेंज नाही. उलटा फिरून, ताम्हिणी-माणगाव करत महाडला पोचलो तेव्हा रात्र झाली होती आणि बर्फाचं पाणी. दुकानदाराने इन्सुलिन घेतलं नाही, बरोबरच केलं. पायरीवर एक मावशी दुपारपासून त्याचीच वाट बघत बसल्या होत्या. रिकाम्या हाताने उठल्या. त्यांना काय सांगणार? 'मोबाईलने सांगितलं म्हणून आलो'?

आमच्या गोडाऊनमध्ये एक जुने ड्रायव्हरकाका आहेत. त्यांच्याकडे घडीचा कागदी नकाशा असतो, चिकटपट्टी लावून लावून जपलेला. निघण्याआधी तो बॉनेटवर पसरून अख्ख्या रस्त्यावरून बोट फिरवतात. वरंधपाशी त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'पावसात विचारून.' माझी हकिगत ऐकून एवढंच म्हणाले, "बाळा, मोबाईल पुढचं वळण सांगतो. पाऊस आहे, डबा गरम होतोय, हे कोणी बघायचं?"

आज ६३वा श्लोक वाचताना काका आठवले. गीतेत भगवंत स्वतः सारथी आहेत. लगाम त्यांच्या हातात. 'चल, मी सांगतो तिकडे' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. आधी दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ उभा करून सगळं दाखवलं. मग कर्म, ज्ञान, भक्ती, सगळे मार्ग उलगडले. आणि शेवटी म्हणतात, याचा पूर्ण विचार कर, मग तुला वाटेल तसं कर. केवढा विश्वास हा! पूर्ण नकाशा शिष्यापुढे पसरून ठेवला.

लगेच ६६व्या श्लोकात शरण ये म्हणतात. मग विचार करायचा की शरण जायचं? माऊली, क्रम बघा. आधी विचार, मग शरणागती. अर्जुन 'तू सांगशील ते करीन' म्हणतो ते ७३व्या श्लोकात, मोह गेल्यावर. न बघता मान डोलावणं म्हणजे शरणागती नव्हे, तो आळस. मी त्या दिवशी मोबाईलला शरण गेलो नव्हतो, विचार करायचा कंटाळा केला होता.

मोबाईलला नावं ठेवत नाही हं. नकाशात सगळे रस्ते असतात, पण 'तू आत्ता इथे आहेस' हे कागद सांगत नाही. ते मोबाईल सांगतो. गंमत म्हणजे उपग्रहाला आपला रस्ता माहीतच नसतो. तो फक्त आपली वेळ आणि जागा कळवत राहतो. निदान चार उपग्रहांचे संदेश जुळवून मोबाईल आपलं ठिकाण काढतो. रात्री अनोळखी सोसायटीत घर शोधताना मी आजही त्याचाच आधार घेतो.

साधनेतही दोन्ही लागतं. ग्रंथ हा नकाशा, सवडीने पसरून बघायचा. आणि ६१व्या श्लोकात सांगितलेला, सगळ्यांच्या हृदयात बसलेला ईश्वर, तो आपण आत्ता कुठे उभे आहोत ते दाखवतो. आपण मात्र काय करतो? सकाळी मोबाईलवर आलेला एक श्लोक वाचायचा, हात जोडायचे, पुढे ढकलायचा. पुढचं वळण कळतं, गाव कुठलं ते कळत नाही. मीही त्यातलाच.

आजचा संकल्प छोटाच. रोजच्या एका श्लोकाऐवजी आज १८वा अध्याय सलग वाचूया, ७८ श्लोक आहेत. जिथे अडाल तिथे पेन्सिलीने खूण करा. उद्या घाट बंद असला तर तीच खूण कामाला येईल.

देवा, बघण्याचा कंटाळा येऊ देऊ नकोस. आणि आमच्या निष्काळजीपणामुळे कुणी पायरीवरून रिकाम्या हाताने उठू नये.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥