सतराला चालतो, अठराला बाटतो

संघटना आमची, दार आमचं, कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. या म्हणण्यात दम किती, ते मी अमेरिकेतल्या एका भांडणावरून तपासतो आहे.

बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही १९१० साली निघालेली पोरांची संघटना. तिची बहुतेक पथकं चर्चच्या आणि इतर धर्मसंस्थांच्या आश्रयानं चालत. न्यू जर्सीचा जेम्स डेल आठव्या वर्षी तिच्यात आला, ईगल स्काउट या सर्वात वरच्या पायरीला पोचला, मग पथकाचा साहाय्यक नायक झाला. १९९० साली पेपरात त्याचा फोटो आला, विद्यापीठातल्या समलिंगी विद्यार्थ्यांच्या गटाचा पुढारी म्हणून. झालं! पत्र आलं, तू बाहेर. कामाबद्दल तक्रार काय? काहीच नाही.

डेल कोर्टात गेला. १९९९ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. २८ जून २००० रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी हरला. कोर्टाचं म्हणणं असं, की खाजगी संघटनेला आपलं एक मत असतं, आणि त्या मताला बाधा आणणारा सभासद सरकार तिच्यावर लादू शकत नाही.

हा निकाल मी हसण्यावारी नेत नाही. उद्या सरकारनं आपल्या बैठकीत भलताच माणूस आणून बसवला तर आपणही हेच ओरडू. पण कायद्यानं हात धरला नाही म्हणून हात स्वच्छ ठरत नाही. काढता येतं एवढंच कोर्टानं सांगितलं. काढावं का, हा सवाल संघटनेच्याच गळ्यात राहिला.

मग म्हणतात, धर्म आडवा येतो. कुणाचा धर्म? २००१ साली रिफॉर्म ज्यू पंथाच्या समितीनं आपल्या मंडळींना सल्ला दिला, की या बंदीपायी स्काउट पथकांचा आश्रय काढून घ्या. म्हंजे धर्म दोन्ही बाजूंना होता.

मे २०१३ मध्ये मतदान झालं. १ जानेवारी २०१४ पासून समलिंगी पोरांना प्रवेश, मोठ्यांना मात्र बंदी कायम. आता बघा. सतरा वर्षांचा पोरगा पथकात चालतो. अठरावं लागलं की तोच पोरगा लहानांना गाठी शिकवायला नालायक. एका रात्रीत त्याच्यात काय बिघडलं? काही नाही. हिशेब आश्रयदात्यांचा होता, भरला त्या पोरानं.

कुणी म्हणेल, अर्धं दार तरी उघडलं ना? उघडलं, आणि अर्धं दार टिकत नाही हेही दिसलं. २७ जुलै २०१५ रोजी मोठ्यांवरची बंदी उठली. चर्चच्या पथकांना मात्र आपले नायक आपल्या श्रद्धेप्रमाणे निवडायची मुभा ठेवली. २०१९ च्या अखेरीस मॉर्मन चर्च आपली पोरं घेऊन बाहेर पडलं. तेव्हा आश्रयदाते जातील ही भीती खोटी नव्हती. न्यायाला किंमत पडते. पण अन्यायालाही पडतच होती. ती हाकललेल्यांच्या खिशातून जायची, म्हणून संघटनेच्या वहीत दिसत नव्हती.

तर कार्यकर्त्यांनो, आपल्या मंडळात असा कुणी आला आणि एखादा कुजबुजला, ‘याला कशाला घेतलं?’ तर त्याला एवढंच विचारा, याचं कोणतं काम चुकलं? उत्तर येत नसेल तर आलेल्याला बसायला जागा करा, आणि बैठक पुढं चालू द्या.