चोरलेला बेस, लपवलेला स्पर्श

आमचं घोडेगाव कुठे, असं कुणी विचारलं की एकच खूण पुरते : नगरहून संभाजीनगरला जाताना शनिशिंगणापूरचा फाटा लागतो, तेच. शिंगणापूरला घरांना दारं-कुलपं न लावण्याची परंपरा आहे. चोरी केली तर शनिदेव बघून घेतील, ही श्रद्धा. 2011 मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली. अशा भागात वाढल्यावर ‘चोरी’ हा शब्द आपण सहज वापरत नाही.

म्हणून चोरीची चक्क आकडेवारी ठेवणारा खेळ सापडला, तेव्हा मी अडखळलो. माझं काम सॉफ्टवेअरचं, क्लायंट अमेरिकेतले. रात्रीचा कॉल सुरू व्हायच्या आधी तिकडची मंडळी बेसबॉलवर बोलत असतात. ऐकून ऐकून मीही बघायला लागलो.

बेसबॉलमध्ये एका बेसवर उभा असलेला धावक कधीकधी फलंदाजाच्या फटक्याची वाट बघतच नाही. पिचर चेंडू टाकत असतानाच तो पुढच्या बेसकडे सुटतो. मधलं अंतर 90 फूट. चेंडू आधी पोहोचला आणि त्याला टेकवला तर तो बाद, नाहीतर बेस त्याचा. याला तिथे सरळ ‘बेस चोरणं’ म्हणतात.

मेजर लीगच्या संघांच्या हाताखाली मायनर लीगचे संघ असतात. होतकरू पोरं तिथे तयार होतात, आणि त्यांच्यात वेगवान पोरगा लगेच उठून दिसतो. 2012 मध्ये बिली हॅमिल्टन नावाच्या पोराने मायनर लीगच्या एका हंगामात 155 बेस चोरले. विक्रमच होता तो. पुढे मेजर लीगमध्येही तो वाऱ्यासारखा पळाला, पण त्याची फलंदाजी कमजोरच राहिली. आणि गंमत अशी, की बाकीचे बेस चोरता येतात, पहिला बेस चोरता येत नाही. तिथे आधी पोहोचावं लागतं.

मला मात्र वेगापेक्षा त्याच हंगामातला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो : 37 वेळा तो चोरी करताना पकडला गेला. म्हणजे या चोरीत चोर स्वतःला पणाला लावतो. शिवाय ज्याच्याकडून चोरायचं, तो समोर जागा असतो. पिचर मान वळवून धावकाकडे बघत असतो. पण फलंदाजाच्या दिशेने फेकीची हालचाल एकदा सुरू केली, की नियमाने त्याला ती अर्ध्यात सोडता येत नाही. धावक नेमका तोच क्षण पकडतो. 2023 मध्ये बेसचा आकार 15 इंचांवरून 18 इंच केला, पिचरवर आणखी बंधनं घातली, आणि मेजर लीगमधल्या चोऱ्या एका वर्षात 2,486 वरून 3,503 वर गेल्या. खेळ चालवणाऱ्यांनीच चोरीला वाट मोकळी करून दिली!

हे बघताना मला आपला खो-खो आठवला. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मध्येच उलट फिरता येत नाही, मधली रेषाही ओलांडता येत नाही. पळणाऱ्यावर अशी काही बंधनं नसतात. म्हणून तर तो खांद्याने एकीकडे दाखवतो आणि निघतो दुसरीकडे. ती हुलकावणी. फसवणूकच ती, पण दोघांना माहीत असलेली. फसला त्याला पुढच्या क्षणी खो देऊन डाव उलटवता येतो.

शाळेत मी असाच पळायचो. नववीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत शेवटचा गडी म्हणून मी मैदानात होतो. खांबाजवळ वळताना पाठीवर बोटांची टोकं लागली. स्पष्ट लागली. पंचाच्या आड कुणीतरी आलं असावं, शिट्टी वाजली नाही. मी पळत राहिलो. वेळ संपली, आम्ही जिंकलो आणि जिल्ह्याला गेलो. ज्याची बोटं लागली तो पोरगा क्षणभर माझ्याकडे बघत उभा होता.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं, की बाद देणं हे पंचाचं काम. क्रिकेटमध्ये तरी कोण आपणहून परत जातं? हुलकावणी चालते, बेस चोरलेला चालतो, मग हे का नाही?

आता उत्तर मिळालंय असं वाटतं. बेस चोरणारा अशा माणसाला हरवतो, जो अजून जिंकू शकतो. त्या पोराने मात्र मला गाठलं होतं. त्याचं काम तो करून बसला होता, आणि जे त्याचं झालेलं होतं, ते मी उचलून नेलं. माझा वेग त्या क्षणी कौशल्य राहिला नव्हता, पळ काढणं झाला होता.

गेल्या दिवाळीत फाट्यावर चहा पिताना तो भेटला. शिंगणापूरला भाविकांची ने-आण करणारी गाडी चालवतो. त्यानेच ओळखलं. “पळतो का अजून?”

“नाही रे, दिवसभर बसूनच काम.” मग ग्लास खाली ठेवून मी म्हटलं, “त्या दिवशी तुझा हात लागला होता.”

“माहितीये की. बोटांना कळतं.”

“मग पंचाला का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तू सांगशील.”

एवढ्यात त्याची गाडी भरली. चहाचे पैसे मी द्यायला गेलो, तर चहावाला म्हणाला, त्याने मघाशीच दिलेत. दोघांचे.