भोंगा वाजून गेल्यावर

मोहित्यांचे वडगाव हे कडेगाव तालुक्यातलं तीनेक हजार वस्तीचं गाव. २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. करोनात शाळा मोबाइलवर आली होती. वर्ग पुन्हा भरले, तरी मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना. सरपंच विजय मोहिते यांनी भोंग्याची कल्पना मांडली, तेव्हा पुरुष मंडळी हसली. बायकांनी मात्र ती उचलून धरली. आशा सेविका, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, तेव्हा कुठे घडी बसली.

या गावाबद्दल मला मनापासून आदर आहे. अडचण ओळखणं, चारचौघांत मांडणं, विरोध पचवून उपाय करून बघणं, हे सगळं गावाने केलं. पण केलं ते मोठ्यांनी. मुलांच्या वाट्याला आलं फक्त भोंगा ऐकून पुस्तक उघडणं. साडेआठला मोबाइल पुन्हा सुरू होतो, तेव्हा त्यात दिसणारं खरं की खोटं, कोणी सांगितलं, कशावरून सांगितलं, हे विचारण्याची सवय त्या दीड तासाने लागत नाही. ती वर्गातच लावावी लागते, आणि आपले वर्ग अजून तयार उत्तरांवर चालतात.

याच तालुक्यात देवराष्ट्रेजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून बोडक्या डोंगरांवर झाडं उभी राहिली आणि १९८५मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. हे पाठ करून मूल दोन गुण मिळवेल. पण तिथली हरणं आसपासच्या शिवारात उतरतात आणि पिकं खातात, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. ती का उतरतात, हा प्रश्न पाचवीच्या वर्गापुढे ठेवून बघा. कोणी म्हणेल, जंगलात पाणी नाही. कोणी म्हणेल, कुंपण मोडलंय. कोणी म्हणेल, ऊस गोड लागतो. तिन्ही ऐकीव. मग बांधावरचे खुरांचे ठसे कोणत्या बाजूने येतात ते बघायचं, नुकसान उन्हाळ्यात जास्त की पावसाळ्यात ते चार शेतकऱ्यांना वेगवेगळं विचारायचं, वनरक्षकाचं म्हणणं शेजारच्या रकान्यात लिहायचं. दोघांचं जुळलं नाही, की खरा अभ्यास तिथे सुरू होतो. वाटोळं झालं म्हणणाऱ्याच्या किती सऱ्या गेल्या? नुकसान फारसं नाही म्हणणारा शेवटचा शिवारात कधी आला होता? दोघेही खोटं बोलत नसतील, हेही मुलांना तिथेच उमगतं. कुठलंही पुस्तक हे असं शिकवू शकत नाही.

असं काही आपल्याकडे नवीन नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५मध्येच सृजन आनंद विद्यालय सुरू करून मुलांच्या अनुभवाला आणि प्रश्नांना शिकण्याच्या मध्यभागी आणलं. साताऱ्यात कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादाची, म्हणजे मुलाने अनुभवातून स्वतः शिकण्याची, वाट धरली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक बघायला आले. म्हणजे सरकारी शाळेत हे होत नाही, ही सबब टिकत नाही.

शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, त्यात शिष्यवृत्तीच्या निकालावर शाळेची पत ठरते. हरणांच्या मागे महिनाभर लागलेल्या वर्गाला प्रश्नपत्रिकेत एकही गुण मिळत नसेल, तर गुरुजींनी कोणाच्या बळावर हे करावं? त्यामुळे सुरुवात मूल्यमापनापासून व्हायला हवी. परिसर अभ्यासाच्या गुणांतला एक हिस्सा मुलाने स्वतः शोधलेल्या स्थानिक प्रश्नाला द्यावा, आणि तो उत्तरासाठी न देता माहिती कुठून मिळवली, कशी पडताळली, मत कुठे बदललं, यासाठी द्यावा. वडगावच्या त्या दीड तासातला अर्धा तास आजीला, शेजारच्या काकांना, पाणी सोडणाऱ्याला प्रश्न विचारून वहीत टिपण्यासाठी ठेवता येईल. त्यासाठी नवा निधी लागत नाही. "मला माहीत नाही, आपण शोधू" असं वर्गात म्हणणाऱ्या शिक्षकाकडे तपासणीला आलेल्या साहेबांनी कमीपणाने पाहू नये, एवढं मात्र लागतं.